आयपी स्पूफिंग प्रतिबंध

आयपी स्पूफिंग प्रतिबंध म्हणजे खोटा स्रोत पत्ता धारण करून आलेली पॅकेटे ओळखून ती संगणक जाळ्याच्या सीमेवरच टाकून देण्याची व्यवस्था होय. पॅकेटवर नोंदलेला पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, अर्थात अंकपत्ता, बदलून दुसऱ्याच यंत्राच्या नावाने पॅकेट पाठवणे याला आयपी स्पूफिंग किंवा पत्त्याची तोतयेगिरी म्हणतात. ही तोतयेगिरी केवळ पॅकेट वाचून ओळखता येत नाही, कारण खोटा पत्ता आणि खरा पत्ता दिसायला सारखेच असतात. मात्र ते पॅकेट आपल्या कोणत्या इंटरफेसमधून आत आले, हे फायरवॉलला निश्चितपणे ठाऊक असते. त्यामुळे प्रत्येक इंटरफेसवर कोणते स्रोत पत्ते येणे शक्य आहे हे आधी ठरवून देणे आणि त्याबाहेरचे सर्व नाकारणे, हा या प्रतिबंधाचा पाया आहे.

पार्श्वभूमी

आयपी या नियमावलीची सर्वपरिचित चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात ३२ बिटांचा स्रोत पत्ता आणि ३२ बिटांचा गंतव्य पत्ता असतो. पॅकेट पुढे धाडताना राउटर सामान्यतः फक्त गंतव्य पत्ता पाहतो. स्रोत पत्ता खरा आहे की नाही हे तपासण्याची कोणतीही सोय या नियमावलीत नाही. शीर्षभागात एक तपासणी बेरीज असते, परंतु ती वाटेत झालेली मोडतोड ओळखण्यापुरती आहे. पाठवणाऱ्याने मुळातच खोटा पत्ता लिहिला असेल तर बेरीजही त्या खोट्या पत्त्यासह बरोबरच येते.

टपालाच्या पाकिटाशी याची तुलना करता येते. पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो आणि पत्र तरीही पोहोचते. पत्र कोणत्या गावातून टाकले गेले हे समजते ते टपाल कार्यालयाच्या शिक्क्यावरून. फायरवॉलचा इंटरफेस या शिक्क्याचे काम करतो. फरक इतकाच, की हा शिक्का पॅकेटवर उमटत नाही. तो फक्त फायरवॉलला दिसतो, आणि तोही पॅकेट आत येण्याच्या क्षणी.

इतिहास

या दोषाचा गैरवापर कसा होऊ शकतो हे रॉबर्ट टी. मॉरिस यांनी १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या एका अहवालात दाखवून दिले. टीसीपी जोडणीच्या आरंभी दोन्ही यंत्रे एकमेकांस एक प्रारंभिक क्रमांक कळवतात. हा क्रमांक अंदाजाने ओळखता आला, तर उत्तर न वाचताही दुसऱ्याच्या नावाने जोडणी साधता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ च्या आपल्या निबंधात हाच धोका अधिक विस्ताराने मांडला. त्या काळी आरलॉगिन आणि आरएसएच यांसारख्या सेवा केवळ पत्ता पाहून, संकेतशब्द न विचारता, प्रवेश देत असत. पत्ता हेच ओळखपत्र मानण्याची ही सवय या प्रश्नाच्या मुळाशी होती.

२५ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संगणकतज्ज्ञ त्सुतोमू शिमोमुरा यांच्या यंत्रांवर याच पद्धतीचा हल्ला झाला. ज्या सर्व्हरवर लक्ष्य यंत्राचा विश्वास होता, त्या सर्व्हरवर हल्लेखोराने प्रथम खोट्या पत्त्यांच्या अर्धवट जोडण्यांचा भडिमार करून त्यास मूक केले. मग त्याच सर्व्हरचा पत्ता धारण करून लक्ष्य यंत्राशी जोडणी केली. लक्ष्य यंत्राचा प्रारंभिक क्रमांक प्रत्येक नव्या जोडणीला नेमका १,२८,००० ने वाढत असल्याने तो ओळखणे कठीण नव्हते. या प्रकरणाशी केव्हिन मिटनिक याचे नाव जोडले गेले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यास अटक झाली.

या हल्ल्यानंतर २३ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेतील सर्ट या संगणकसुरक्षा संस्थेने काढलेली सूचना या विषयात महत्त्वाची मानली जाते. बाहेरून येणाऱ्या पॅकेटवर आतला स्रोत पत्ता असेल, तर ते बाह्य इंटरफेसवर आत येतानाच अडवावे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. हा सल्ला आज उघड वाटतो. त्या वेळी मात्र अनेक राउटर पॅकेट बाहेर पडतानाच गाळू शकत होते, आत येताना नव्हे. पॅकेट बाहेर पडण्याच्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत ते कोठून आले होते ही माहिती हरवलेली असे, आणि एकाहून अधिक अंतर्गत इंटरफेस असलेल्या राउटरला बाहेरचा तोतया व आतले खरे यंत्र यांत भेद करता येत नसे. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ मध्येच यूझनिक्सच्या सुरक्षा परिषदेतील निबंधात पॅकेट गाळण्याच्या साधनांमधील अशा उणिवांकडे लक्ष वेधले होते. ज्यांच्या राउटरमध्ये ही सोय नव्हती, त्यांनी बाहेरच्या बाजूस दुसरा राउटर बसवून त्यावर गाळणी करावी, असा पर्याय सर्टने सुचवला होता.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या सेवापुरवठादारावर खोट्या पत्त्यांच्या अर्धवट जोडण्यांचा मोठा हल्ला झाला. येथे उद्देश घुसखोरीचा नसून सेवा बंद पाडण्याचा होता. पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी यांनी जानेवारी १९९८ मध्ये आरएफसी २२६७ लिहून प्रत्येक जाळ्याने स्वतःच्या सीमेवर स्रोत पत्ते तपासावेत अशी शिफारस केली. तिची सुधारित आवृत्ती मे २००० मध्ये आरएफसी २८२७ म्हणून प्रसिद्ध झाली. बीसीपी ३८ या नावाने ती अधिक ओळखली जाते.

इंटरफेसनिहाय मांडणी

फायरवॉलला किमान दोन इंटरफेस असतात, एक बाहेरच्या महाजालाकडे आणि दुसरा आतल्या जाळ्याकडे. पुष्कळ संस्थांत तिसराही असतो, जेथे संकेतस्थळ, ईमेल इत्यादींचे सार्वजनिक सर्व्हर ठेवलेले असतात. या मधल्या भागास डीएमझेड म्हणतात.

उदाहरणादाखल एका महाविद्यालयाची फायरवॉल घेता येईल. तिच्या बाह्य इंटरफेसचा पत्ता १९८.५१.१००.२ असून समोर सेवापुरवठादाराचा राउटर १९८.५१.१००.१ आहे. डीएमझेडला २०३.०.११३.०/२८ हा सार्वजनिक पट्टा दिला आहे आणि अंतर्गत जाळे १०.२०.०.०/१६ वर चालते. हे सार्वजनिक पत्ते दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पट्ट्यांतील आहेत; प्रत्यक्ष जाळ्यात ते वापरायचे नसतात.

अंतर्गत इंटरफेसचा नियम सर्वांत सोपा आहे. तेथून १०.२०.०.० ते १०.२०.२५५.२५५ एवढेच स्रोत पत्ते येऊ शकतात. अन्य काहीही आले तर ते चुकीच्या मांडणीचे किंवा खोटेपणाचे लक्षण आहे. याला एक अपवाद करावा लागतो. नव्याने सुरू झालेला संगणक डीएचसीपीद्वारे पत्ता मागतो तेव्हा त्याच्याजवळ पत्ताच नसल्याने स्रोत म्हणून ०.०.०.० असतो. डीएचसीपी सेवा फायरवॉलच देत असेल आणि हा अपवाद विसरला गेला, तर नियम लागू झाल्यावर आधीपासून चालू असलेले संगणक व्यवस्थित चालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलेले चालत नाहीत. दोष शोधताना फायरवॉलकडे संशय शेवटी वळतो.

डीएमझेडच्या इंटरफेसवर फक्त २०३.०.११३.०/२८ मधील पत्ते मान्य करावेत. या नियमाचे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षित राहते. सार्वजनिक सर्व्हर बाहेरच्या जगास उघडे असल्याने ते हल्लेखोराच्या हाती पडण्याचा संभव इतर यंत्रांपेक्षा जास्त असतो. असा सर्व्हर ताब्यात आल्यावर त्यावरून १०.२०.०.० च्या पट्ट्यातील पत्ता धारण करून आतल्या यंत्रांकडे पॅकेट पाठवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. नियम केवळ बाह्य इंटरफेसवर लावलेला असेल, तर हे पॅकेट अडत नाही.

बाह्य इंटरफेसवर मांडणी उलटी होते. तेथे जवळपास संपूर्ण जगाचे पत्ते वैध असल्याने काय मान्य करावे याची यादी करता येत नाही. काय येणे अशक्य आहे याची करावी लागते. त्या यादीत प्रथम स्वतःचे पत्ते येतात, म्हणजे २०३.०.११३.०/२८ हा पट्टा आणि फायरवॉलचा स्वतःचा १९८.५१.१००.२ हा पत्ता. स्वतःचेच पत्ते घेऊन आलेली पॅकेटे १९९७ मधील लँड या हल्ल्यात वापरली गेली. त्यांत स्रोत आणि गंतव्य दोन्ही एकच असे आणि अनेक संगणक त्यामुळे गोठून जात. त्यानंतर आरएफसी १९१८ मधील खाजगी पट्टे येतात: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. यांखेरीज १२७.०.०.०/८ हा संगणकाने स्वतःशी बोलण्याचा पट्टा, १६९.२५४.०.०/१६ हा स्थानिक दुव्यापुरता पट्टा, ०.०.०.०/८, आणि २२४.०.०.० च्या पुढील सर्व पत्ते यांतील कोणताही पत्ता महाजालावरून आलेल्या सामान्य पॅकेटचा स्रोत असू शकत नाही. अशा पॅकेटांना परग्रहवासी या अर्थी मार्शियन असे म्हणण्याची पद्धत आहे.

हे सर्व नियम मान्यतेच्या नियमांच्या आधी मांडावे लागतात. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लागू करतात. अंतर्गत पत्त्यांना सर्व सेवा खुल्या, असा नियम इंटरफेसचा उल्लेख न करता वर लिहिला असेल, तर खालचा प्रतिबंध कितीही काटेकोर असला तरी तोतया वरूनच आत जातो.

उलट मार्ग पडताळणी

पट्ट्यांची यादी हाताने लिहिण्यास पर्याय म्हणून उलट मार्ग पडताळणी वापरली जाते. पॅकेट आत येताच फायरवॉल स्वतःच्या मार्गसारणीस विचारते: या स्रोत पत्त्याला उत्तर पाठवायचे झाल्यास ते कोणत्या इंटरफेसमधून जाईल? उत्तराचा इंटरफेस आणि पॅकेट ज्यातून आले तो इंटरफेस एकच असेल तर पॅकेट पुढे जाते, नसेल तर टाकून दिले जाते. यास कडक पद्धत म्हणतात. सैल पद्धतीत स्रोत पत्त्याकडे जाणारा मार्ग सारणीत कोठे तरी आहे एवढेच पाहिले जाते.

कडक पद्धत एका बाबतीत अपुरी पडते. वरील महाविद्यालयाच्या फायरवॉलवर महाजालाकडे जाणारा सर्वसाधारण मार्ग बाह्य इंटरफेसमधून आहे. बाहेरून १०.२०.५.७ या स्रोताचे पॅकेट आले तर त्याचा उलट मार्ग अंतर्गत इंटरफेसकडे जातो, म्हणून ते नाकारले जाते. परंतु १९२.१६८.१.१ हा पत्ता आत कोठेही वापरात नाही. त्याचा उलट मार्ग सर्वसाधारण मार्गाने बाह्य इंटरफेसकडेच जातो आणि पॅकेट तपासणीत उत्तीर्ण होते. यासाठी न वापरलेल्या खाजगी पट्ट्यांचे मार्ग कोठेही न जाणाऱ्या शून्य इंटरफेसकडे वळवून ठेवतात. सैल पद्धत तर सर्वसाधारण मार्ग विचारात घेत असेल तर जवळपास निरर्थक ठरते, कारण तो मार्ग प्रत्येकच पत्त्याला लागू पडतो.

दोन सेवापुरवठादारांशी जोडलेल्या जाळ्यात पॅकेट एका वाटेने येते आणि उत्तर दुसऱ्या वाटेने जाते. तेथे कडक पद्धत खऱ्या पॅकेटांनाही तोतया समजते. मार्च २००४ मधील आरएफसी ३७०४, म्हणजे बीसीपी ८४, याच अडचणीविषयी आहे. त्यात सर्वोत्तम मार्गाबरोबर अन्य शक्य मार्गही ग्राह्य धरण्याची पद्धत वर्णिली आहे. फेब्रुवारी २०२० मधील आरएफसी ८७०४ ने तीत आणखी सुधारणा सुचवल्या.

विविध प्रणालींतील तरतुदी

लिनक्सच्या गाभ्यात ही पडताळणी आरपी-फिल्टर नावाच्या मांडणीने नियंत्रित होते. ० म्हणजे बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. प्रत्येक इंटरफेसचे मूल्य आणि सर्व इंटरफेसांसाठीचे सामाईक मूल्य यांपैकी जे मोठे ते लागू होते. त्यामुळे सामाईक मूल्य २ असताना एखाद्या इंटरफेसवर १ लिहून तो कडक होत नाही. मोठा अंक म्हणजे अधिक कडक, हा स्वाभाविक वाटणारा समज येथे चुकतो. ही मांडणी आयपीच्या चौथ्या आवृत्तीपुरतीच आहे. सहाव्या आवृत्तीसाठी पॅकेट गाळणाऱ्या नियमांतच उलट मार्गाची तपासणी लिहावी लागते.

ओपनबीएसडीच्या पीएफ या फायरवॉलमध्ये अँटीस्पूफ हा एक शब्द एखाद्या इंटरफेससाठी लिहिला की त्याचे दोन नियम तयार होतात. त्या इंटरफेसच्या जाळ्यातील पत्ते अन्य कोणत्याही इंटरफेसमधून आल्यास नाकारावेत, आणि त्या इंटरफेसचा स्वतःचा पत्ता स्रोत म्हणून घेऊन आलेले पॅकेट नाकारावे. दुसऱ्या नियमामुळे संगणक स्वतःशीच करत असलेला संवाद तुटू शकतो, म्हणून अंतर्गत लूपबॅक इंटरफेसला नियमांतून वगळण्याची शिफारस असते. सिस्कोच्या राउटरांवर उलट मार्ग पडताळणी प्रत्येक इंटरफेसवर स्वतंत्रपणे चालू करतात. चेक पॉइंटच्या फायरवॉलमध्ये प्रत्येक इंटरफेस बाह्य की अंतर्गत हे सांगून त्यामागील जाळ्यांची व्याख्या द्यावी लागते. तेथे पॅकेट न अडवता केवळ नोंद करण्याची सोयही आहे. नवी मांडणी करताना प्रथम काही दिवस अशी नोंद घेऊन, कोणती वैध पॅकेटे अडली असती हे पाहून मगच प्रतिबंध लागू करणे श्रेयस्कर ठरते. मात्र ही तात्पुरती अवस्था बदलण्याचे राहून गेले, तर फायरवॉल तोतयांची नोंद ठेवून त्यांना आत सोडत राहते.

व्यवहारातील अडचणी

आतल्या जाळ्यात नवे उपजाल जोडले, पण इंटरफेसच्या व्याख्येत त्याची भर घातली नाही, तर त्या उपजालातील सर्व संगणक फायरवॉलच्या दृष्टीने तोतये ठरतात. व्हीपीएनद्वारे घरून काम करणाऱ्यांना अंतर्गत पट्ट्यातील पत्ते दिलेले असल्यास तोच प्रकार घडतो. त्यांची पॅकेटे बोगद्याच्या इंटरफेसमधून येतात, अंतर्गत इंटरफेसमधून नव्हे. अशा वेळी काम खोळंबल्याने प्रतिबंधच बंद करण्याकडे कल होतो. वस्तुतः व्याख्येत एका पट्ट्याची भर घालणे पुरेसे असते.

बाह्य इंटरफेसलाच खाजगी पत्ता मिळालेला असेल तर निराळा विचार करावा लागतो. अनेक सेवापुरवठादार ग्राहकांना सार्वजनिक पत्त्याऐवजी १००.६४.०.०/१० या सामाईक पट्ट्यातील किंवा खाजगी पट्ट्यातील पत्ता देतात. भारतातील मोबाइल व घरगुती जोडण्यांतही हे आढळते. तेथे खाजगी पट्टे सरसकट अडवल्यास समोरच्या राउटरशी होणारा संवादही अडू शकतो. सेवापुरवठादाराच्या मधल्या राउटरांना खाजगी पत्ते असल्यास आणखी एक दोष उद्भवतो. पॅकेट आकाराने फार मोठे असल्याची सूचना असा राउटर स्वतःच्या खाजगी पत्त्यावरून पाठवतो आणि गाळणी तिला तोतया समजून टाकून देते. परिणामी लहान पाने उघडतात, पण मोठी फाइल उतरवताना जोडणी अडकून पडते.

बाहेर जाणारी पॅकेटे

आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा स्रोत पत्ताही तपासावा लागतो. वरील उदाहरणात बाह्य इंटरफेसमधून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर पत्ताबदल झाल्यानंतर १९८.५१.१००.२ किंवा २०३.०.११३.०/२८ याखेरीज अन्य स्रोत असता कामा नये.

ही तपासणी स्वतःच्या जाळ्याचे रक्षण करत नाही. ती इतरांचे करते. प्रवर्धन हल्ल्यात हल्लेखोर बळीचा पत्ता स्रोत म्हणून लिहून डीएनएस, एनटीपी यांसारख्या उघड्या सर्व्हरांना छोटे प्रश्न पाठवतो आणि त्यांची मोठी उत्तरे बळीवर जाऊन आदळतात. एनटीपीच्या एका जुन्या आज्ञेचे उत्तर प्रश्नाच्या साडेपाचशे पटींहून मोठे असू शकते. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर डीएनएसच्या साहाय्याने झालेला हल्ला सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटांपर्यंत पोहोचल्याचे वृत्त होते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर मेमकॅश सर्व्हरांमार्फत झालेला हल्ला १.३५ टेराबिटांपर्यंत गेला. अशा हल्ल्यासाठी लागणारे खोटे पॅकेट कोठल्या तरी जाळ्याच्या सीमेवरून बिनदिक्कत बाहेर पडलेले असते. तेथील गाळणी हाच त्यावरचा मुळातला उपाय आहे. बळीच्या फायरवॉलपाशी पोहोचेपर्यंत जोडणीची क्षमता आधीच भरून गेलेली असते, आणि येणारी पॅकेटे खऱ्या सर्व्हरांच्या खऱ्या पत्त्यांवरून आलेली असल्याने स्रोत तपासूनही काही हाती लागत नाही.

गाळणी बसवण्याचा खर्च एकाने करायचा आणि लाभ दुसऱ्याला मिळायचा, अशी ही रचना असल्याने बीसीपी ३८ चे पालन अद्याप सार्वत्रिक झालेले नाही. कोणत्या जाळ्यांतून खोटी पॅकेटे बाहेर पडू शकतात हे मोजण्यासाठी २००५ मध्ये एमआयटीत स्पूफर नावाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे तो सॅन दिएगोतील कायडा या संशोधन केंद्राकडे गेला. स्वयंसेवक आपल्या संगणकावर त्याची आज्ञावली चालवून स्वतःच्या सेवापुरवठादाराची चाचणी घेऊ शकतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मॅनर्स या उपक्रमानेही सहभागी सेवापुरवठादारांसाठीच्या कृतींमध्ये तोतयेगिरीच्या प्रतिबंधाचा समावेश केला आहे.

मर्यादा

इंटरफेसवरील तपासणी दोन इंटरफेसांमधील खोटेपणा ओळखते, एकाच इंटरफेसमागील नाही. वरील महाविद्यालयातील १०.२०.५.७ या यंत्राने १०.२०.५.८ चा पत्ता धारण केला, तर फायरवॉलच्या दृष्टीने दोन्ही पत्ते अंतर्गत आणि म्हणून वैध आहेत. एकाच उपजालातील यंत्रे परस्परांशी बोलताना पॅकेट फायरवॉलपर्यंत येतही नाही. तेथे नियंत्रण स्विचच्या प्रत्येक पोर्टवर आणावे लागते. डीएचसीपीने कोणत्या पोर्टवरील यंत्राला कोणता पत्ता दिला याची नोंद स्विच ठेवतो आणि त्याबाहेरचा स्रोत नाकारतो. गाळणी असूनही पट्ट्यामधील तोतयेगिरी शक्य राहते हे आरएफसी २८२७ नेही मान्य केले आहे. अशा वेळी खोटे पॅकेट निदान कोणत्या जाळ्यातून निघाले हे तरी समजते आणि शोध तेथून सुरू करता येतो.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तत्त्व तेच आहे, परंतु एकाच इंटरफेसवर अनेक पत्ते असणे तेथे नेहमीचे आहे. एफई८०::/१० हा दुव्यापुरता पट्टा प्रत्येक इंटरफेसवर असतोच आणि शेजारी यंत्रे शोधण्यासाठी तो आवश्यक असतो. आपला पत्ता दुसरे कोणी वापरत नाही ना, याची खात्री करताना यंत्र संपूर्ण शून्य पत्ता स्रोत म्हणून वापरते. चौथ्या आवृत्तीची यादी जशीच्या तशी उतरवून हे दोन्ही अडवल्यास जाळेच बंद पडते. उलट, चौथ्या आवृत्तीसाठी काटेकोर नियम लिहून सहाव्या आवृत्तीला मोकळे सोडलेल्या फायरवॉलवर तोतयासाठी दुसरे दार उघडे राहते.